मंगळवारचा आकाशपाळणा

गणिताची चाचणी चालू होती. तिसरं उदाहरण अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात शिपाईकाका वर्गाच्या दारात आले आणि बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एरवी परीक्षेत मान वर केली तरी ओरडणाऱ्या बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला होता.

"गार्गी, पेपर राहू दे तसाच. दप्तर भर. तुझे वडील आलेत न्यायला."

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर पप्पा उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हनुवटीवर दाढी करताना कापल्याची ताजी खूण. गावाकडे आजीची तब्येत अचानक बिघडली आहे, लगेच निघायला हवं, असं ते सांगत होते. मुख्याध्यापिकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आजीचं ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आज मंगळवार होता. पप्पांना भेटायचा वार शनिवार. तोही दर शनिवार नाही. दुसरा आणि चौथा.

दीड वर्षापासून आई आणि मी नाशिकला मामाकडे राहत होतो. कोर्टात केस चालू होती. पप्पांना मला भेटायचं असलं तर कोर्टाच्या आवारात मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे यावं लागायचं. भिंतींवर ससे आणि फुगे रंगवलेले, एका टोपलीत मोडकी खेळणी, आणि कोपऱ्यात लक्ष ठेवायला बसलेल्या एक बाई, ज्या सतत स्वेटर विणत असायच्या. खुर्च्या बालवाडीतल्या मुलांच्या मापाच्या. पप्पा चांगले सहा फूट उंच. त्या खुर्चीवर बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला लागायला यायचे. शाळेत काय शिकवलं असं ते विचारायचे, मी सांगायचे, आणि मग उरलेला वेळ आम्ही दोघं टोपलीतली रेल्वे इकडून तिकडे ढकलत बसायचो. बाहेर बाकावर आई बसलेली असायची. एकमेकांकडे न बघता ते दोघं माझी देवाणघेवाण करायचे.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, आजीला काय झालं. दप्तर पप्पांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं आणि मागे डिकीत ठेवलं होतं. शहर मागे पडून गाडी आग्रा रोडला लागली तेव्हा कुठे ते मोकळेपणाने हसले. आजी ठणठणीत आहे म्हणाले. आपण 'स्वप्नलोक'ला चाललोय.

स्वप्नलोक म्हणजे पिंपळगावच्या पुढे, महामार्गाच्या कडेला उभं राहिलेलं मोठं मनोरंजन उद्यान. आम्ही तिघं तिथे एकदाच गेलो होतो, मे महिन्यातल्या एका रविवारी. पाण्यातल्या होडीसाठी एवढी रांग होती की ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही पत्र्याच्या शेडपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. त्या रांगेतच आई आणि पप्पांचं काहीतरी बिनसलं. मागचे-पुढचे लोक ऐकत होते आणि मी लोखंडी कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होते. होडीत न बसताच आम्ही घरी आलो होतो.

"आज बघ," पप्पा म्हणाले. "शाळा चालू, परीक्षा तोंडावर. काळं कुत्रं नसेल तिथे. जे हवं त्यात बसायचं, हवं तितक्या वेळा."

मी म्हटलं, माझा पेपर अर्धा राहिलाय. ते म्हणाले, राहू दे. तेही मला विचित्र वाटलं, कारण कोर्टातल्या खोलीत ते सगळ्यात आधी मार्कच विचारायचे.

दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे होते, काही बागांत घडांना कागद बांधलेले. पप्पा एरवी गाडी चालवताना गाणी लावायचे. त्या दिवशी त्यांचं लक्ष सारखं आरशाकडे जात होतं. ओझरजवळ त्यांनी मागच्या सीटवरची पिशवी मला दिली. तिच्यात नवा फ्रॉक होता, पिवळा, पुढे झालर असलेला. मी गाडीतच युनिफॉर्म काढून तो घातला. तो मला होत नव्हता. पाठीमागची चेन निम्म्यावरच अडली. पप्पांना मी आठ वर्षांची आठवत होते, मी दहा वर्षांची झाले होते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी वर स्वेटर चढवला आणि छान आहे म्हटलं.

गाड्या लावायचं मैदान जवळजवळ रिकामं होतं. मे महिन्यात तिथे गाडी लावायला पप्पांना तीन चकरा माराव्या लागल्या होत्या. आता ते म्हणतील तिथे लावता आली असती, तरी त्यांनी ती अगदी टोकाला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी, एका टेम्पोच्या आड लावली.

फाटकावर सिक्युरिटीच्या गणवेशातल्या एक बाई होत्या. शर्टावर 'निकम' अशी पट्टी. पिशवी तपासताना त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि सहज म्हणाल्या, आज शाळेला दांडी का? मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, हिची शाळा इंदूरला आहे, आम्ही इकडे फिरायला आलोय. इंदूर हे नाव मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. निकमबाईंची नजर खाली माझ्या पायांकडे गेली. मी पिवळ्या फ्रॉकखाली शाळेचे काळे बूट आणि पांढरे मोजे घातलेले होते, आणि मोज्यांवर निळ्या दोऱ्यात शाळेचं नाव होतं.

आत गेल्यावर आधी मला खरोखरच आनंद झाला. एवढं मोठं उद्यान आणि सगळं आपलं. पाण्यातल्या होडीच्या त्या लोखंडी कठड्यांमधून मी धावत सुटले. ज्या वळणावळणांतून रविवारी इंच इंच सरकलो होतो ती मी एका दमात पार केली. होडीत आम्ही दोघंच. खाली कोसळताना पप्पांनी मला एवढं घट्ट धरलं की दंड दुखला.

पण रिकाम्या उद्यानाची एक गंमत असते, ती मला त्या दिवशी कळली. रांग नसली तरी थांबावं लागतंच. माणसं जमेपर्यंत खेळ सुरूच करत नाहीत. मोठ्या झुलत्या जहाजापाशी बसलेल्या माणसाने सांगितलं, निदान सहा जण पाहिजेत. आम्ही दोघं जहाजाच्या पायऱ्यांवर सहा जणांची वाट बघत बसलो. लाउडस्पीकरवर कुणीही ऐकायला नसताना लहान मुलांची गाणी लागली होती. पप्पा मनगटावरचं घड्याळ बघत होते, फाटकाकडे बघत होते, पुन्हा घड्याळ.

शेवटी चांदवडकडच्या कुठल्याशा बचत गटाच्या बायका आल्या, आठ-नऊ जणी, सहलीला निघालेल्या. पदर खोचून त्या जहाजात चढल्या आणि ते वर जाताच देवाचा धावा करू लागल्या. मलाही हसू आलं. खाली उतरल्यावर त्यांतल्या एकीने मला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि आई कुठंय म्हणून विचारलं. आईला बरं नाही, पप्पा म्हणाले. मी लाडू हातात धरून उभी राहिले. सकाळपासून त्यांनी आजीला आजारी पाडलं होतं, आता आईला. आणि प्रत्येक वेळी ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

माझी सकाळची शाळा सुटायची वेळ जवळ येत होती. मोईनकाका रिक्षा घेऊन फाटकाशी येतील, बाकीची मुलं बसतील, मी नसेन. ते आत चौकशी करतील. मग आईच्या लॅबमध्ये फोन जाईल. आई रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत असेल, तिला कुणीतरी हाक मारेल. हे सगळं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी पप्पांना म्हटलं, आईला फोन करून सांगू या का, मी तुमच्याबरोबर आहे म्हणून. ते म्हणाले, मोबाइलची बॅटरी संपलीय.

त्यानंतर काहीच वेळाने मी फिरत्या कपबशीत बसले असताना ते मला दिसले. एका खांबाआड उभं राहून त्यांनी मोबाइल चालू केला, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा बंद केला. कपबशी फिरत होती, त्यामुळे मला ते तुकड्यातुकड्यांत दिसलं. एका फेरीत हातात फोन. पुढच्या फेरीत हात खिशात.

दुपारपर्यंत आमचे सगळे खेळ करून झाले. रविवारी ज्याला दोन दिवस पुरले नसते ते सगळं आम्ही काही तासांत उरकलं होतं. घसरगुंडी, होडी, भूतबंगला, जहाज. मी दमले होते, पण पप्पा म्हणत होते, अजून एकदा. कपबशीत अजून एकदा. चल ना, रांग कुठंय. त्यांना दिवस संपायला नको होता असं मला वाटत होतं. खरं म्हणजे त्यांना हा भाग संपून पुढचा सुरू करायचा धीर होत नव्हता, पण ते मला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. मला एवढंच कळत होतं की माझे पप्पा कशाला तरी घाबरलेत, आणि मोठं माणूस घाबरलं की लहानांनी कुठे जायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्यांदा कपबशीतून उतरले आणि मी तिथेच ओकले. लाडू, सकाळची पोळी, सगळं. पप्पा पाणी आणायला पळाले. तेवढ्यात निकमबाई आल्या. त्यांनी रुमालाने माझं तोंड पुसलं, पाठीवर हात ठेवला आणि स्वेटरखालची फ्रॉकची न लागलेली चेन त्यांच्या हाताला लागली असणार, कारण त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"हे तुझे कोण आहेत गं?"

"पप्पा."

"नक्की ना? घाबरू नको, मला सांग."

मी मान डोलावली. त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं. त्या उठल्या आणि ऑफिसच्या दिशेने निघाल्या, चालता चालता दोनदा मागे वळून पाहिलं. पप्पा पाणी घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, काय म्हणत होत्या त्या बाई? मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"चल," ते म्हणाले. "निघू आता आपण."

मला गाडीत बसायचं नव्हतं. का, ते सांगता आलं नसतं, पण उद्यानात होते तोवर मी नाशिकजवळ होते, आणि गाडीत बसले की नसेन, असं काहीतरी आत पक्कं झालं होतं. मी म्हटलं, आकाशपाळणा राहिलाय. ते म्हणाले, पुढच्या वेळी. मी म्हटलं, पुढच्या वेळी रांग असेल. मी कधी हट्ट करणारी मुलगी नव्हते. त्या दिवशी मी जमिनीवर बसकण मारली.

त्यांनी फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते आकाशपाळण्याकडे चालू लागले.

पाळणेवाल्याने माणसं जमायची वाट पाहिली नाही. बचत गटाच्या बायका जेवायला बसल्या होत्या, दुसरं कुणी येण्याची शक्यता नव्हती. त्याने आम्हाला दोघांना एका पाळण्यात बसवलं, आडवी दांडी लावली आणि बटण दाबलं. बाकीचे सगळे पाळणे रिकामे. रिकाम्या पाळण्यांचा कुरकुर आवाज येत होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीत आम्ही अगदी वर असताना पाळणा थांबला. लाउडस्पीकरवरचं गाणंही मधेच तुटलं. वीज गेली होती. खालून पाळणेवाला ओरडून सांगत होता की जनरेटर लावतोय, हलू नका.

वर वारा होता. एवढ्या उंचावरून सगळं दिसत होतं. द्राक्षबागा, चांदवडचे डोंगर, आणि महामार्ग. गाड्यांचं मैदानही. टेम्पोच्या आड लपवलेली आमची गाडी वरून स्वच्छ दिसत होती, आणि तिच्याजवळ निकमबाई आणि ऑफिसातला एक माणूस उभे होते. तो माणूस काचेला हात लावून आत डोकावत होता. पप्पांनीही ते पाहिलं. त्यांनी दांडी एवढी घट्ट धरली की पाळणा हलला.

मग ते अगदी हळू, जणू खालच्यांना ऐकू जाईल, असं म्हणाले,

"गारू, आपण आज घरी नाही जायचं."

"मग?"

"इंदूरला जायचं. मला तिकडे नोकरी लागलीय. घर घेतलंय भाड्याने. समोरच शाळा आहे, खिडकीतून दिसते. तुझ्यासाठी वेगळी खोली आहे."

"किती दिवस?"

"आता तिकडेच राहायचं. तू आणि मी."

मी विचारलं, आईला माहीत आहे का. ते म्हणाले, पोचल्यावर सांगू. मग ते भराभर बोलायला लागले. कोर्ट किती वर्षं लावेल काही सांगता येत नाही. महिन्यातून दोन तास. दोन तासांत मुलगी मोठी होते आणि बापाला तिच्या फ्रॉकचं माप कळत नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की चेन लागली नाही हे त्यांना सकाळपासून माहीत होतं.

मला रडू आलं नाही. मला फार भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी व्यवस्था लावायला बघायचे, तशी सवयच होती. दप्तर कुठे ठेवायचं, कुणाला काय सांगायचं, कुणासमोर कुणाचं नाव काढायचं नाही. मी मनातल्या मनात इंदूरची व्यवस्था लावत होते, आणि एका जागी अडले.

"मग आईला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेटायचं का? त्या खोलीत?"

पप्पा खाली गाडीकडे बघायला लागले.

"आईला त्या छोट्या खुर्चीवर नाही बसता येणार, पप्पा. तिची कंबर दुखते."

त्यांनी मान फिरवली. मला फक्त त्यांचा कान आणि जबडा दिसत होता. जबडा हलत होता. वाऱ्याने रिकामे पाळणे झुलत होते आणि आम्ही दोघं त्या उंचीवर लटकलो होतो, आणि मी वाट बघत होते की ते म्हणतील, इंदूरच्या खोलीत मोठी खुर्ची असेल. ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता.

जनरेटर लागला. धक्का देऊन पाळणा खाली यायला लागला. पप्पांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि खिशातून मोबाइल काढला. आम्ही जमिनीला लागायच्या आत त्यांनी तो चालू केला होता. दांडी उघडायला आलेला पाळणेवाला थांबून राहिला, कारण पप्पा फोनवर बोलत होते.

"सुलभा. गार्गी माझ्याकडे आहे. स्वप्नलोकमध्ये. हो. हो, बरी आहे." मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. पलीकडून येणारा आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नव्हे, नुसता आवाज. आईला तशा आवाजात बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

निकमबाई आणि तो माणूस तोवर पाळण्यापाशी येऊन पोचले होते. पप्पांनी फोन सरळ निकमबाईंपुढे धरला. म्हणाले, हिची आई आहे, तुम्ही बोला. निकमबाईंनी फोन कानाला लावला आणि सांगितलं की मुलगी माझ्यासमोर उभी आहे, तुम्ही सांगाल तसं करते, म्हणाल तर इथेच ऑफिसात बसवून ठेवते, तुम्ही येईपर्यंत. आई काय म्हणाली ते मला निकमबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी फोन परत दिला.

"तुमच्याबरोबरच पाठवायला सांगताहेत," त्या म्हणाल्या. त्यांना ते पटलेलं नव्हतं. "बघा बरं, दादा."

फाटकातून बाहेर आलं की डावीकडे धुळ्याचा रस्ता, इंदूरचाही तोच. नाशिकला जायचं तर थोडं पुढे जाऊन दुभाजकात वळायची जागा होती, तिथून उजवीकडे वळून पलीकडच्या बाजूला यायचं. पप्पांनी त्या वळणाशी गाडी थांबवली. समोरून ट्रक येत होते, जात होते. मग रस्ता मोकळा झाला, तरी गाडी हलली नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मी पप्पांकडे बघायला घाबरत होते, म्हणून माझ्या बुटांकडे बघत होते. पुन्हा हॉर्न. मग सूर्य माझ्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आला, आणि मला कळलं की आम्ही वळलो.

वाटेत मी युनिफॉर्म परत घातला.

मामाच्या घरापुढे माणसं जमली होती. मामाने दुपारीच पोलिस चौकीत कळवलं होतं आणि एक वयस्कर हवालदार येऊन अंगणात खुर्चीवर बसले होते. शेजारच्या काकू, मोईनकाका, सगळे होते. गाडी थांबली तशी मी दार उघडून धावत गेले आणि आईला बिलगले. तिच्या अंगाला लॅबमधल्या स्पिरिटचा वास येत होता. ती रडली नाही. तिने माझे गाल, हात, गुडघे चाचपून पाहिले, जणू मी कुठून तरी पडून आले होते.

मामा पप्पांच्या अंगावर धावून गेला होता, त्याला मोईनकाकांनी आवरलं. हवालदार उठून गाडीकडे यायला लागले. पप्पा गाडीपाशी नुसते उभे होते. त्यांना काही सुचत नव्हतं असं वाटत होतं. आई त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, दप्तर द्या तिचं.

पप्पांनी डिकी उघडली.

आत माझं दप्तर होतं, आणि दप्तराखाली गुंडाळलेली गादी. कुकर. दोरीने बांधलेली भांडी. कपड्यांच्या बॅगा. एक नवी कोरी छोटी उशी, तिचा प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेली, आणि लहान मुलीच्या मापाच्या घरात घालायच्या सपाता. आईने ते सगळं पाहिलं. मीही पाहिलं. हवालदार चार-पाच पावलांवर होते आणि विचारत होते, काय साहेब, मुलीला घेऊन कुठवर निघाला होता?

आईने दप्तर उचललं आणि दुसऱ्या हाताने डिकी आपटून बंद केली. मग ती हवालदारांकडे वळली.

"माझाच गोंधळ झाला हो," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं यांना, आज तिला फिरायला न्या म्हणून. कामाच्या गडबडीत माझ्याच डोक्यातून गेलं. तुम्हाला उगाच त्रास झाला."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. हवालदारांनाही ते खरं वाटलं नसेल. बायकोला विसर पडतो आणि ती दुपारभर रडून डोळे सुजवून घेते, असं होत नाही हे त्यांना कळत असणार. पण त्यांनी टोपी नीट केली, पप्पांना चार शब्द सुनावले, आणि चहा न घेताच ते निघून गेले.

पप्पा दुसऱ्या दिवशी एकटेच इंदूरला गेले. आईपप्पा पुन्हा एकत्र आले नाहीत. वर्षभरात रीतसर घटस्फोट झाला. पण कोर्टातल्या त्या खोलीत मी पुन्हा कधी गेले नाही. आईने वकिलांना सांगून ते बदलून घेतलं. पप्पा इंदूरहून यायचे ते सरळ मामाच्या घरी, पुढच्या खोलीत सोफ्यावर बसायचे. मामा दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही, पण ते आले की तो स्वतःहून स्कूटर काढून कुठेतरी जायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी इंदूरला जायला लागले. खिडकीतून खरंच शाळा दिसायची.

त्या मंगळवारबद्दल आम्ही तिघंही कधी बोललो नाही. माझी स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा एकदा मी आईला विचारलं, तू त्या दिवशी हवालदारांशी खोटं का बोललीस. आई माझ्याकडे आली होती, गॅलरीत वाळवलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुझ्यामुळे," ती म्हणाली. "दुपारपासून मी एकच डोळ्यांसमोर आणत होते, की गाडी येईल आणि तू पळत येऊन मला बिलगशील. गाडी आली. तू उतरलीस आणि आलीच नाहीस. तू जाऊन हवालदार आणि तुझे पप्पा यांच्या मधे उभी राहिलीस. एवढीशी पोर, दोन्ही हात पसरून."

मी म्हटलं, असं नाही झालं आई. मला चांगलं आठवतंय, मी धावत येऊन तुला मिठी मारली. तुझ्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता.

"मारलीस ना," आई म्हणाली. "मी डिकी लावल्यावर."